कोपीच्या भिंतीतून हात

आमच्या आईचा या जगात फक्त स्वतःच्या नाकावर विश्वास होता. ज्वारी घरात आली की ती ओंजळभर घेऊन आधी हुंगायची, मग दाणा दाताखाली फोडायची, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची. दुकानदार, तलाठी, सोयरेधायरे, देवळातला पुजारी, सगळ्यांना तिनं असंच पारखलं होतं आणि त्यात फारसं कुणी उतरलं नव्हतं. दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे तेव्हा पोरं तुटून पडायची. आई म्हणायची, "फुकट कावून देतेत? आधी त्या वाटनाऱ्याला खाऊ द्या." रेशनला परदेशातली तांबडी मिलो ज्वारी आली तेव्हा तिनं ती पहिल्यांदा कोंबडीला घातली, दिवस मावळेपर्यंत कोंबडीवर नजर ठेवली, आणि कोंबडी काही मरेना म्हणून नाइलाजानं आमच्या भाकरी थापल्या. गार झाली की ती भाकरी वातड व्हायची. हुलग्याच्या माडग्यात बुडवून आम्ही ती गिळायचो आणि आई प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत बसायची, कुणाला काही होतंय का म्हणून.

पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, आता पेन्शन खाते. पण दूधवाल्याच्या मापाकडं मी आजही वाकून बघते आणि औषधाच्या गोळ्या घेण्याआधी पाकिटावरचा बारीक मजकूर भिंग लावून वाचते. भाचे हसतात. हसोत. हा वारसा आईचा आहे आणि तो मला कधी जड झाला नाही, एका प्रसंगाची आठवण सोडली तर.

आमचं गाव शिरूर कासारच्या अंगाला. चांगल्या सालातसुद्धा दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं, आणि हे तर दुष्काळाचं साल होतं. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायची वेळ आलेली. वडील मी पाळण्यात असतानाच गेले होते. घरात आई, मी, शिवादादा आणि त्याची बायको गया, म्हणजे माझी वहिनी. ऊसतोडीत माणसं जोडीनं धरतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. शिवादादा-वहिनीचा एक, आणि मी जरा हाडापेरानं थोराड दिसायचे म्हणून आईचा आणि माझा मिळून दुसरा. मुकादम बाबूरावनं आम्हाला माजलगावच्या पलीकडं, गोदावरीकाठच्या एका सहकारी कारखान्यावर नेलं. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात.

कारखान्याच्या मागच्या माळावर आमच्या कोप्या होत्या. बांबूची तट्टी वाकवून वर पाचट टाकायचं, की झाली कोपी. आत उभं राहिलं की डोकं टेकायचं. पहाटे भोंगा व्हायचा, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागायच्या आणि सगळ्या माळावर चुली पेटायच्या. मळीचा आंबूस वास अंगाला, कपड्याला, भाकरीला. पहिले काही दिवस तो नकोसा वाटला, मग कळेनासा झाला. वहिनी येसराची आमटी करायची, पातळ पण अशी झणझणीत की शेजारच्या रुखमाबाईचा पोरगा वाटी घेऊन आमच्या दारात यायचा. रुखमाबाईची कोपी आमच्याला लागून होती. तिचं खोकणं आम्हाला ऐकू यायचं आणि आमची भांडणं तिला.

भांडणं बहुतेक एकाच गोष्टीवरून. वहिनीच्या लग्नाला काही वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. आई सरळ कधी बोलायची नाही. कुणाची गाभण गाय दिसली की म्हणायची, "जनावराला बी कळतं." वहिनी ऐकायची आणि खाली मान घालून मोळी बांधायची. ती फार बोलायची नाही. आम्ही तिला गरीब स्वभावाची समजायचो.

पाण्यासाठी कारखान्यानं एक टाकी ठेवली होती. त्यात पावडर टाकायचे. आईनं पहिल्याच दिवशी ओंजळ नाकाशी नेली आणि पाणी फेकून दिलं. "औषीद घातलंय. कशाचं हाय कुनाला ठावं." तिच्या मागोमाग आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका टाकीवरून परतल्या आणि गंगेच्या वाळूत झिरे खोदून तिथलं पाणी भरू लागल्या. धार आटून डबकी राहिली होती, वरच्या अंगाला बैल धूत होते. पण गंगेचं पाणी. सगळं जग हुंगणाऱ्या माझ्या आईनं ते पाणी एकदाही नाकाशी नेलं नाही. उलट घागर टेकवली की हात जोडायची.

मग नदीपलीकडच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ असल्याचं कानावर आलं, आणि दोनच दिवसांत बाबूराव मुकादम माळावर येऊन उभा राहिला. धोतर सावरत म्हणाला, "उद्या टोचनीवाला येनार हाय. पटकीची सुई. समद्यांनी घ्यायची. सुई न्हाई तर कोयता न्हाई, गाडी जुपायची आन गावाकडं सुटायचं. कारखान्याचा हुकूम हाय."

गडबड उडाली. सुई आम्हाला नवी नव्हती. नारायणगडाच्या यात्रेला जाताना वाटेत अडवून टोचायचे, देवीचे व्रण तर प्रत्येकाच्या दंडावर होते. पण ते दिवस वाईट होते. पुरुषांना गाडीत घालून नेतात आणि नसबंदी करून सोडतात, अशा गोष्टी बाजाराच्या गावागावांतून फिरत होत्या, आणि त्यातल्या काही खऱ्याही होत्या. ज्या सरकारनं माणसं फसवून नसबंदीला नेली त्याची सुई खरी कशावरून, असं कुणी विचारलं तर आजही मला त्याला वेड्यात काढता येणार नाही. माळावर दिवस बुडेपर्यंत पक्कं झालं की ही सुई बायकांची कूस बंद करते. रुखमाबाईनं कारणही शोधलं. "पोटुशी बाई मोळी उचलत न्हाई. कारखान्याला ते परवडत न्हाई."

"अगं, पटकीची हाय ती," दादा म्हणाला. त्याला कारखान्याचं सगळंच आवडायचं, भोंग्यासकट. "शिकली-सवरलेली मान्सं हायत. ती कशाला खोटं बोलतील?"

"शिकलेलीच बोलतेत," आई म्हणाली. "आडान्याला जमतंय व्हय?"

पण गावाकडं परतायचं म्हणजे कोरड्या विहिरीकडं परतायचं, हे तिलाही ठाऊक होतं. ती चुलीपुढं बसून राहिली आणि मधूनच वहिनीकडं बघू लागली. ते बघणं टोमण्याचं नव्हतं. मला त्याची जरा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी टोचणीवाला आला. परक्या पुरुषापुढं दंड उघडा करायला बायका तयार होईनात, तेव्हा मुकादमानं तोड काढली. बायकांनी कोपीत बसायचं, तट्ट्याची फट मोठी करायची आणि तेवढा हात बाहेर काढायचा. पुरुषांचं बाहेर उघड्यावर. मुकादम एकेका कोयत्याचं नाव घेई, टोचणीवाला सुई मारी आणि पुढं सरके. त्यानं अख्ख्या माळावर एका बाईचं तोंड पाहिलं नसेल. त्याला नुसते हात दिसत होते.

"सोनाबाईचा कोयता." आईनं डावा हात बाहेर काढला. शेतात झिजलेला, विधवेचा ओका हात. हूं नाही की चूं नाही. मग माझा. मग आवाज आला, "शिवाचा कोयता." बाहेर दादानं बाही वर केली, सुई पाहिली आणि धाडदिशी खाली बसला. माणसं हसायला लागली, कुणी पाणी आणायला धावलं. तेवढा वेळ आईला मिळाला.

ती वहिनीकडं वळली. "चुडा काड."

वहिनीला कळेना. आईनं तिचा हात ओढला. दुष्काळानं वहिनी इतकी वाळली होती की हिरव्या बांगड्या तिच्या कोपरापर्यंत वर-खाली जायच्या. त्या सहज निघाल्या. आईनं तेलाची बुधली घेतली, स्वतःच्या उजव्या हाताला तेल फासलं आणि बोटं मिटून एकेक बांगडी चढवायला लागली. कोयत्यानं रुंद झालेला तो पंजा. एक बांगडी चढताना वाढली, मनगटावर रक्त आलं. तिनं ते पदरानं टिपलं.

"आत्याबाई, मी..." वहिनी म्हणाली.

"गप बस."

"आवो, पर मी..."

"गप म्हनलं ना. माजं काय ऱ्हायलंय आता? मला का पोरं व्हायची हायत? तुजं समदं व्हायचं हाय."

आणि वडील गेल्यापासून ज्या हातात काचेचा तुकडा गेला नव्हता, तो हात हिरव्या बांगड्या लेवून तट्ट्यातून बाहेर गेला. बाहेरून टोचणीवाला म्हणाला, "डावा द्या बाई." आईनं हात मागं घेतला नाही. त्यानंही वाद घातला नाही. सुई बसली तेव्हा आई वहिनीकडंच बघत होती. मला रडू आलं. ज्या बाईला ती उठता-बसता बोलायची तिच्यासाठी ती हे करत होती, आणि त्या वेळी मला वाटलं, यापरतं दुसरं प्रेम नसेल. आजही ते प्रेमच होतं असं मी म्हणते.

त्या रात्रीपासून माळावर प्रत्येकाचा एक दंड सुजला. आईचे दोन्ही. ताप चढला, तरी ती सकाळी भाकरी थापायला बसली आणि थापेगणिक कण्हू लागली. दादा म्हणाला, "बघा, शिव्या देत व्हती म्हनून हिलाच जास्ती लागली." तो हसला, वहिनीनं आईपुढची काटवट आपल्याकडं ओढली.

आईची सूज उतरली, पण दोन्ही दंडांत गाठी राहिल्या होत्या, तेव्हा वहिनी आजारी पडली. फडातून आली ती पोट धरूनच. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या. दादा कारखान्याच्या दवाखान्यात धावला. कंपाउंडर सलाईनच्या बाटल्या घेऊन आला आणि कोपीच्या बांबूला बाटली टांगून त्यानं वहिनीच्या हाताची शीर शोधायला सुरुवात केली. शीर सापडत नव्हती. आई त्याच्या पायाशी बसून म्हणत होती, "टोचा भाऊ. कुठंबी टोचा, पर टोचा."

मुकादमानं आमच्या ओळीभोवती गाडीचे नाडे बांधले. आतल्यानं बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. जवळच्या गावानं रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या, दुकानदार सामान लांबून फेकू लागला. अगदी परवाच्या टाळेबंदीत आमच्या गावानं हेच केलं. कारखान्यावरून परतलेल्या ऊसतोड्यांना, आपल्याच माणसांना, वेशीबाहेर वावरात बसवलं आणि रस्त्यावर काट्या टाकल्या. मी मास्तरीण म्हणून समजवायला गेले तर एक तरुण मला म्हणाला, "म्याडम, आमाला काय हौस हाय व्हय?" आतून त्या काट्या कशा दिसतात हे त्याला माहीत नव्हतं.

पटकीची सुई दोन खेपांनी टोचायचे, त्यातल्या दुसऱ्या सुईचा दिवस आला. टोचणीवाला नाड्यापाशी उभा, आणि ओळीतलं एक माणूस पुढं होईना. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. गयानं सुई घेतली होती, मुकादमाच्या डोळ्यांदेखत घेतली होती, तरी गया मरणाच्या दारात पडली. मग सुई कशाची होती? दोघातिघांनी बैल सोडले, आता नाडे तोडून गावाकडं निघायचं म्हणून. मुकादम घसा फोडून ओरडत होता, त्याचं कोण ऐकतं. त्यात रुखमाबाईच्या पोराला सकाळपासून हगवण लागली होती. तोच, आमटीच्या वाटीचा. ती त्याला छातीशी धरून म्हणत होती, "माज्या लेकराला हात लावू नगा. आदी आमाला सांगा गयाला काय टोचलं."

आई आमच्या कोपीतून बाहेर आली. मला वाटलं पाण्याला चालली. ती नाड्यापाशी, पुरुषांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि जिनं दंड दाखवायचा नाही म्हणून तट्ट्याला भोक पाडलं होतं, तिनं चोळीच्या दोन्ही बाह्या वर सारल्या.

"ही गाठ माजी," ती म्हणाली. "आन ही सुनंच्या नावाची. गयाला सुई टोचलीच न्हाई. तिचा चुडा मी घातलता आन माजा हात भाईर काडलता. तिच्या कुशीला काय व्हऊ ने म्हनून. तिला मीच आशी ठिवली."

मागून एक बाई पुटपुटली, "रांडव बाईनं हिरवा चुडा घातला?" आणि ते शब्द ओळभर फिरले. सुई राहिली बाजूला, लोकांना बांगड्यांचा धक्का बसला. कुणी म्हणालं, मग पटकी येनार न्हाई तर काय. आई मान खाली घालून ते सगळं ऐकत उभी राहिली. सुईची लबाडी कबूल करायला तिला जेवढं जड गेलं असेल त्याच्या कितीतरी पट हे जड गेलं असणार. पण रुखमाबाईनं बांगड्यांचं काहीच काढलं नाही. ती आईच्या दंडावरच्या दोन्ही गाठी बोटानं दाबून बघत होती, आईसारखीच, खरं-खोटं पारखत. मग ती टोचणीवाल्याकडं वळली आणि तट्टा-बिट्टा काही न शोधता तिनं दंड पुढं केला. तिच्या पोराला कंपाउंडरनं सलाईन लावलं. सोडलेले बैल लोकांनी पुन्हा बांधले.

खरं सांगायचं तर ती लस काही फार भक्कम नव्हती. माझा एक विद्यार्थी डॉक्टर झाला, त्यानं सांगितलं की ती घेऊनही पुष्कळांना पटकी व्हायची आणि खरा दोष पाण्याचा होता. म्हणजे वहिनीनं सुई घेतली असती तरी ती पडली असती, कदाचित. हे आईला सांगायला आई उरली नव्हती.

वहिनी जगली. रुखमाबाईचा पोरगाही. दादानं मात्र तो हंगाम संपेपर्यंत आईला आई म्हणून हाक मारली नाही. ताट पुढं आलं की खायचा आणि उठायचा. आईनं त्याची किंवा वहिनीची माफी मागितली नाही, ते तिच्यात नव्हतं. ती फक्त पावडरच्या टाकीवरून घागर भरून आणू लागली. नाक मुरडत आधी स्वतः प्यायची, मग वहिनीला द्यायची. आणि टोमणे थांबले. पुढं वहिनीला मुलगी झाली, मुलगा झाला, आई नातवंडं खेळवून गेली.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाही तर सुईवर उगाच अन्याय होईल. वहिनीची मुलगीही ऊसतोडीला जायची. पोट दुखतं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली, तिथं तिशीच्या आतच तिची गर्भाची पिशवी काढून टाकली. कटकट गेली, आता खाडे पडणार नाहीत, असं सगळे म्हणाले. रुखमाबाई म्हणाली होती तेच झालं, फक्त सुईनं नाही. आणि त्या दिवशी आमच्या घरात कुणालाच, मलासुद्धा, संशय आला नाही. नको तिथं हुंगत राहिलो आणि हवं तिथं नाक मिटलं, याचा मला अजून संताप येतो.

करोनाची लस आली तेव्हा वहिनीच्या अंगणात पुन्हा तेच सुरू झालं. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनीचा मुलगा बाळू मोबाइल नाचवत म्हणत होता, "माज्या आईला सुई द्यायची न्हाई. बीपी हाय तिला. ह्यात बघा काय काय व्हतंय." सरपंच म्हणत होता, "गावाचं नाव खराब व्हतंय. वरून दम हाय, शंभर टक्के पायजे. रेशन बंद झालं तर मला इचारू नगा." रेशन बंद करायचा हुकूम मी तरी कुठं पाहिला नव्हता, आणि बाळूच्या मोबाइलमधला डॉक्टरही मला डॉक्टर वाटत नव्हता. मी दोघांशीही भांडले. वहिनी ओट्यावर बसून तरवट्याची भाजी निवडत होती. भाजी निवडून झाली तशी उठली, मला म्हणाली, "चल गं, दवाखान्यात जाऊ."

आरोग्य केंद्रात गर्दी होती. आमची पाळी आली. सिस्टर कोवळी पोरगी होती, घामानं भिजलेली. तिनं वहिनीला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "आजी, लस घ्यायची ना? तुमची मर्जी आहे ना?"

वहिनीनं मास्कचं मुसकं हनुवटीवर ओढलं. "काय म्हनलीस?"

पोरीला वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "तुमची मर्जी आहे ना, आजी?"

वहिनीचे कान चांगले आहेत. पलीकडच्या गल्लीत कोंबडी ओरडली तरी तिला कळतं. ती पोरीकडं बघत हसली. "आजून एकदा इचार."

पोरीनं तिसऱ्यांदा विचारलं. "घ्यायची," वहिनी म्हणाली. "तवाबी घ्यायची व्हती." आणि स्वतःच्या हातानं बाही वर केली.

मला उभ्या जागी तो तट्टा दिसला, तेलाची बुधली दिसली. बाहेर निंबाखाली आम्ही अर्धा तास बसायचं म्हणून बसलो तेव्हा मी तिला विचारलं, "वहिनी, मग तेव्हा का बोलली नाहीस?"

ती दंड चोळत होती. "बोलले व्हते की," ती म्हणाली. "दोनदा सुरवात केलती."